फ्रेशर टिकत नाहीत म्हणता, पण त्यांना घेता कसं तेही बघा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या करिअरच्या पानावर हॉटेलांना माणसं मिळत नाहीत यावर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, कारण मी 26 वर्षं हॉटेलात काढलीयत, पहिली 9 हाउसकीपिंगमध्ये, म्हणजे खोल्यांच्या साफसफाईत, आणि त्यानंतरची सगळी ट्रेनिंगमध्ये, आणि दरवर्षी कॉलेजात जाऊन नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेणाऱ्यांत मी असते. लेखात हॉटेलवाल्यांचं म्हणणं असं होतं की हॉटेल मॅनेजमेंट करून आलेली पोरं तीन महिन्यांत सोडून जातात, त्यांना कष्ट नकोत, लगेच मॅनेजर व्हायचंय. हे मी इतक्या मीटिंगांमध्ये ऐकलंय की एके काळी मलाही ते खरं वाटायचं. आता वाटत नाही. सोडून गेलेल्या मुलांशी मी शेवटच्या दिवशी बसून बोललेय, आणि त्यात कष्टाची तक्रार करणारी फार थोडी होती. बहुतेकांचं म्हणणं एकच, मॅडम, मुलाखतीत जे सांगितलं ते काम हे नव्हतंच.

आधी जाहिरातीचंच बघा ना. जागा अगदी खालची, फ्रंट ऑफिस असोसिएट, म्हणजे रिसेप्शनवरचा माणूस, नाहीतर कॉमी, म्हणजे किचनमधली पहिली पायरी, आणि खाली लिहिलेलं असतं की दोन वर्षांचा अनुभव हवा. मग फ्रेशरनी जायचं कुठे? तीन-चार वर्षं शिकताना त्यांनी कित्येक महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंग केलेलं असतं, खऱ्या हॉटेलात, खऱ्या शिफ्टमध्ये, खऱ्या गेस्टसमोर, पण नोकरीच्या वेळी तो अनुभव धरलाच जात नाही, "ते तर कॉलेजचं ट्रेनिंग" म्हणून बाजूला. आणि ते ट्रेनिंग तरी कसं असतं हे आतल्या लोकांना माहितीय. चार डिपार्टमेंट फिरवायची असतात, पण बॅन्क्वेटला, म्हणजे समारंभांच्या जेवणाला, माणूस कमी पडला की ट्रेनी तिकडे, आणि मग ती मुलगी पूर्ण दोन महिने ग्लास पुसत उभी, लॉगबुकात मात्र फ्रंट ऑफिसची सही. असं करून आलेल्या मुलीला मुलाखतीत आपण विचारतो की तुला चेक-इन येतं का, आणि तिला नाही आलं की म्हणतो कॉलेजात काही शिकवत नाहीत. ती सही हॉटेलानेच केलेली असते.

शाळा विरुद्ध फ्लोअर, म्हणजे वर्ग विरुद्ध प्रत्यक्ष काम, हे भांडण तसं जुनं आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला हॉटेलची शाळा 1893 साली सुरू झाली आणि पहिले वर्ग तिथल्याच एका हॉटेलात भरायचे, म्हणजे वर्ग आणि काम एकाच छपराखाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हा विषय 1922 ला आला. मला लोझानची ती सुरुवात फार आवडते, कारण त्यात शिकवणारा आणि कामावर ठेवणारा एकमेकांकडे बोट दाखवू शकत नव्हते. आणि सेझार रिट्झची गोष्ट तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावी. खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पोरवयात एका हॉटेलात शिकायला राहिला, आणि तिथल्या मालकाने तू या धंद्यात कधीच काही करू शकणार नाहीस म्हणून त्याला काढून टाकलं, असं सांगतात. पुढे त्याच माणसाने लंडनचं सॅव्हॉय हॉटेल चालवलं आणि 1898 ला पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. पहिल्या काही महिन्यांत माणूस ओळखता येतो असं म्हणणाऱ्या सुपरवायझरना मी हे सांगते.

आता मूळ मुद्द्यावर येते, म्हणजे पहिले तीन महिने. मी हाउसकीपिंगचं उदाहरण घेते कारण ते मला तळहातासारखं माहितीय. रूम अटेंडंटला एका शिफ्टला साधारण 14 ते 16 खोल्या असतात. आठ तासांची शिफ्ट म्हणजे 480 मिनिटं, त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि सकाळचं ब्रीफिंग, ट्रॉली भरणं यात अर्धा तास काढा, राहिली 420. समजा 14 खोल्यांत 5 चेकआउट आहेत, म्हणजे गेस्ट गेलाय आणि खोली पुढच्यासाठी मुळापासून करायचीय, त्याला चांगल्या हाताला 45 मिनिटं लागतात, ती झाली 225. उरलेल्या 9 खोल्यांत गेस्ट राहतोय, त्याला 20 मिनिटं धरली तर 180. एकूण 405. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर हातात 15 मिनिटं राहतात, आणि त्या 15 मिनिटांत सर्व्हिस लिफ्टची वाट बघणं, दारावर "डू नॉट डिस्टर्ब" लावलेलं म्हणून पुन्हा येणं, लाँड्रीतून टॉवेल कमी आले म्हणून खाली फोन करणं, एखाद्या गेस्टला उशी हवी ती नेऊन देणं, हे सगळं बसवायचं.

कॉलेजात या मुलांनी बेड करायला शिकलेलं असतं, चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते अगदी सुबक येतं, परीक्षेत त्याला मार्क असतात. पण एक बेड सुबक करणं वेगळं आणि घड्याळ लावून दिवसाला चौदा खोल्या काढणं वेगळं, पाठ वेगळी मोडते. नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात चेकआउटच्या खोलीला सव्वा तास लागतो, हे अगदी नॉर्मल आहे, मलाही लागायचा. अशा मुलीला दुसऱ्याच दिवशी पूर्ण 14 खोल्यांचा कागद हातात दिला की काय होणार? ती जेवण सोडणार, शिफ्ट संपल्यावर तास-दीड तास थांबणार, तरी दोन खोल्या राहणार, सुपरवायझर ओरडणार, फ्रंट ऑफिसवाले खोली मागत फोन करणार, आणि रात्री झोपताना तिला वाटणार की मला जमतच नाही, माझं शिक्षण फुकट गेलं. असे वीस दिवस गेले की ती जाते. आणि आपण लिहितो, कष्ट नकोत.

मी ट्रेनिंगला आल्यावर एका ठिकाणी खूप भांडून एवढंच करून घेतलं की नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात 6 खोल्या, त्याही एका जुन्या बाईच्या जोडीने, मग दर आठवड्याला एक-दोन वाढवायच्या, सातव्या-आठव्या आठवड्यात पूर्ण कागद. अकाउंट्सवाल्यांना हे महाग वाटलं, कारण तेवढे दिवस पगार पूर्ण आणि खोल्या अर्ध्या. पण दर दोन-तीन महिन्यांनी नवं माणूस शोधा, युनिफॉर्म शिवा, कागदपत्रं करा, पुन्हा शून्यापासून शिकवा, आणि तोवर बाकीच्यांवर जास्तीच्या खोल्या टाका, हा खर्च कुठल्या रकान्यात दिसतच नाही म्हणून तो कुणी मोजत नाही. ज्या जुन्या बाईच्या जोडीने शिकवलं तिलाही त्या काळात दोन खोल्या कमी द्यायला हव्यात, नाहीतर ती शिकवणार कधी, हेही मला एका बाईनेच तोंडावर सांगितलं आणि ती बरोबर होती.

एक गोष्ट सांगते, हॉटेलचं नाव लिहीत नाही. फ्रंट ऑफिसला एक मुलगा घेतला होता, मुलाखतीत मीच होते, हुशार, शांत बोलणारा, माणसाच्या डोळ्यात बघून ऐकणारा. पंधराव्या का सोळाव्या दिवशी त्याला नाइटला एकटा लावला, कारण ज्याची शिफ्ट होती तो आजारी पडला. त्या रात्री हॉटेल ओव्हरबुक होतं. वाचकांसाठी सांगते, हॉटेलं कधीकधी असतात त्यापेक्षा थोड्या जास्त खोल्या विकतात, कारण रोज काही लोक बुकिंग करून येतच नाहीत. पण एखाद्या दिवशी सगळे आले की शेवटच्या गेस्टला दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं, त्याचा गाडीचा आणि त्या रात्रीचा खर्च आपण करायचा आणि मनापासून माफी मागायची. हे काम दहा वर्षांच्या अनुभवी माणसालाही घाम फोडतं. या मुलासमोर रात्री एक वाजता लांबच्या प्रवासातून आलेलं कुटुंब उभं, लहान मूल झोपलेलं खांद्यावर, आणि खोली नाही. दुसऱ्या हॉटेलला फोन करून खोली घ्यायचा अधिकार त्याला आहे का, गाडीच्या व्हाउचरवर सही कोण करणार, ड्यूटी मॅनेजरला उठवायचं की नाही, हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. तो पाऊण तास त्यांच्यासमोर उभा राहून नुसतं सॉरी म्हणत राहिला आणि ते त्याच्यावर ओरडत राहिले. सकाळी त्याने युनिफॉर्म घडी करून लॉकरवर ठेवला आणि गेला, पुन्हा आला नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाला, मॅडम मला रात्रीची भीती नव्हती, मला काय करायची परवानगी आहे तेच माहीत नव्हतं.

ते वाक्य मी अजून विसरलेली नाही. त्या आठवड्याचा रोस्टर, म्हणजे कुणाला कुठली शिफ्ट याचा तक्ता, मी बघायला हवा होता आणि मी बघितला नाही, ती चूक माझीही होती. रिट्झ-कार्लटनच्या हॉटेलांत कुठल्याही कर्मचाऱ्याला गेस्टची अडचण सोडवायला वर न विचारता 2000 डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा आहे, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. प्रत्येक हॉटेलाला तेवढं परवडणार नाही, मान्य, पण आकडा कितीही छोटा असू दे, तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलेला असला पाहिजे. तुला एवढं करता येतं, याच्या पुढे या माणसाला उठवायचं, रात्री तीन वाजता सुद्धा, आणि उठवल्याबद्दल कुणी बोलणार नाही. एका कागदावर मावतं हे.

रोस्टरचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे पुढच्या आठवड्याचा रोस्टर रविवारी रात्री लागतो, काही ठिकाणी तर उद्याची शिफ्ट आज संध्याकाळी कळते. 22 वर्षांच्या मुलाला घरच्या कार्याला येतो म्हणून सांगता येत नाही, डॉक्टरची वेळ घेता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हॉटेल आणि रेस्टॉरंटमधल्या कामाच्या स्थितीवरचा करार आहे, 172 नंबरचा, 1991 सालचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की शक्य असेल तिथे कामाच्या वेळा पुरेशा आधी कळवाव्यात म्हणजे माणसाला स्वतःचं आणि घरचं आयुष्य आखता येईल. त्याच करारात असंही आहे की टिप मिळो न मिळो, मूळ पगार नियमित वेळेला मिळालाच पाहिजे. आणि सोबतच्या शिफारशीत ब्रेक शिफ्ट, म्हणजे सकाळी चार तास, मग दुपारी सोडायचं, पुन्हा संध्याकाळी चार तास, ही पद्धत हळूहळू बंद करत आणावी असं म्हटलंय. 1991 म्हणजे आज जी मुलं मुलाखतीला येतात त्यांचा जन्मही झाला नव्हता. आणि आपण अजून ब्रेक शिफ्टला "या धंद्यात असंच असतं" म्हणतोय.

आता एक गोष्ट जी लेखात आलीच नाही आणि यायला हवी होती. 2020 मध्ये हॉटेलं बंद पडली तेव्हा जगभरात पर्यटनातल्या 6 कोटी 20 लाख नोकऱ्या एका वर्षात गेल्या, हा जागतिक पर्यटन परिषदेचा आकडा. त्यात कोण गेलं? फक्त नवे नाही गेले, मधली फळी गेली, आठ-दहा वर्षं काढलेले सुपरवायझर, वेटरांचे कॅप्टन, सीनियर कॉमी, ज्यांना घर चालवायचं होतं ते दुसऱ्या धंद्यात गेले आणि तिथे त्यांना रात्री घरी झोपता आलं, सुट्टीच्या दिवशी सुट्टी मिळाली, मग ते परत कशाला येतील. फ्रेशरला शिकवायचं काम नेहमी हीच फळी करायची. मॅनेजर नाही शिकवत, मॅनेजर मीटिंगमध्ये असतो. आज नव्या मुलाला शिकवणारा स्वतः वर्षभरापूर्वी आलेला असतो, त्याला जेवढं येतं तेवढंच तो सांगणार, आणि त्याच्यावरही 14 खोल्या आहेतच. म्हणून मी म्हणते की हल्लीची मुलं वाईट वगैरे काही नाही, शिकवणारी माणसं मधूनच गायब झालीयत आणि त्यांची जागा कुणी भरली नाही.

आणि या मुलांना काहीच येत नसतं असं समजणं पण चूक. किचनमधला एक प्रसंग आहे, नवा कॉमी होता, बॅन्क्वेटचं शिजवलेलं अन्न बाहेर काढून ठेवलेलं, त्याने विचारलं की शेफ हे कधीपासून बाहेर आहे, दोन तास होऊन गेले असतील तर द्यायचं का. त्याला सांगण्यात आलं, पुस्तक घरी ठेवून ये. आता पुस्तक काय म्हणतं, तर जागतिक आरोग्य संघटनेचं साधं सांगणं आहे की शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम असेल तर 60 अंशांच्या वर आणि थंड असेल तर 5 अंशांच्या खाली, कारण मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. तो मुलगा शंभर टक्के बरोबर होता. हाच मुलगा सहा महिन्यांनी प्रश्न विचारायचा बंद होतो, आणि मग एखाद्या दिवशी पाहुणे आजारी पडले की आपण ट्रेनिंग लावतो. नवा माणूस नियम ताजे घेऊन येतो, त्याच्याकडून ते काढून घेऊ नका, एवढंच माझं शेफ मंडळींना हात जोडून सांगणं आहे.

मुलाखती कशा घ्याव्यात यावर मी थोडं लिहिते, कारण तिथेच निम्मी गडबड होते. दहा मिनिटांत आपण विचारतो की स्वतःबद्दल सांग, पाच वर्षांनी कुठे दिसतोस, आणि इंग्रजी कसं आहे ते बघून टिक करतो. इंग्रजी छान बोलणारा मुलगा चांगला असेलच असं नाही, आणि अडखळणारी मुलगी सहा महिन्यांत फ्लोअर सांभाळते हे मी स्वतः बघितलंय. मी हल्ली एकच करते, समोर खुर्ची ठेवते आणि सांगते की मी गेस्ट आहे, दुपारचे दोन वाजलेत, माझी खोली तयार नाही, बोल माझ्याशी. उत्तर काय देतो हे मी फार बघत नाही. आधी ऐकून घेतो का, खोटी वेळ देतो का, "पाच मिनिटांत होईल" असं माहीत नसताना म्हणतो का, हे बघते. जो म्हणतो की मी हाउसकीपिंगला विचारून तुम्हाला नक्की वेळ सांगतो, तोवर तुमचं सामान इथे ठेवू का, तो माझा. मग त्याला मागचा भाग दाखवायचा. लॉबी नाही दाखवायची, लॉबी त्याने फोटोत बघितलीय. स्टाफचं दार, लॉकर रूम, लाँड्रीतला उकाडा, भांडी घासायची जागा, स्टाफचं जेवणघर, सगळं दाखवायचं, आणि एक शिफ्ट सोबत उभं राहू द्यायचं, त्या दिवसाचे पैसे देऊन. त्यातून चार जण नको म्हणतील. म्हणू देत, ते चार जण तिसऱ्या महिन्यात गेले असते. मुलींना रात्री घरी सोडायची गाडी किती वाजता आणि कुठपर्यंत, हेही तेव्हाच सांगायचं, आणि लग्न कधी करणार, मूल कधी होणार हे विचारणं ताबडतोब बंद करायचं, मला स्वतःला ते तीन वेगवेगळ्या पॅनेलवर विचारलं गेलंय आणि दर वेळी घरी येऊन मी रडलेय.

मुलांसाठी पण दोन शब्द लिहायचेत, तुमचं पान तेही वाचतात म्हणून. ऑफर हातात आली की लाजू नका, विचारा. शिफ्ट कुठल्या, ब्रेक शिफ्ट आहे का, आठवड्याची सुट्टी एक का दोन, सर्व्हिस चार्ज पगाराच्या वर मिळतो की त्यातच धरलाय, ट्रेनी म्हणून किती महिने ठेवणार आणि त्यानंतर कुठल्या पदावर घेणार, हे लेखी मागा. "बघू पुढे" याला उत्तर समजू नका. इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं लॉगबुक खरं लिहा, कुठल्या दिवशी काय केलं ते, सही घ्यायला घाबरू नका. आणि मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागलात तरी खोल्या करा, ट्रे उचला, नाइट ऑडिट शिका, म्हणजे दिवसभराचे हिशोब रात्री जुळवून दुसरा दिवस उघडणं, कारण एका रात्रीत हॉटेलचा पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो ते तिथे समजतं तेवढं वर्गात नाही समजत. सहा महिने हातांना सवय होईपर्यंत त्रास होतो, तो होतोच. पण तुमच्यावर रोज ओरडलं जात असेल, पगार उशिरा होत असेल, कबूल केलेलं काम मिळत नसेल, तर सोडून जाण्यात लाज नाही, आणि कुणी तुम्हाला त्यावरून कष्टाची भीती वाटते असं म्हणालं तर मनावर घेऊ नका.

संपादक महोदय, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे आणि त्यासाठीच मुळात हे पत्र लिहायला बसले. निकालांनंतर तुमची नोकरी-करिअर पुरवणी निघते, त्यात हॉटेलांच्या जाहिराती असतात, चकचकीत फोटो आणि "उज्ज्वल भविष्य". त्या घेताना हॉटेलांकडून चार ओळी मागून घ्या आणि जाहिरातीत छापा, शिफ्टच्या वेळा, आठवड्याची सुट्टी, ट्रेनी काळ किती आणि त्यातला पगार, आणि फ्रेशर चालतील का नाही हे स्पष्ट. जे हॉटेल लिहायला तयार नसेल त्याला का नाही ते विचारा. आणि पुढचा लेख करताना हॉटेलमालकांसोबत सोडून गेलेल्या दोन मुलांशीही बोला. कुणाशी बोलायचं असेल तर मी गाठ घालून देईन, त्या युनिफॉर्म घडी करून ठेवणाऱ्या मुलाचा नंबर अजून माझ्याकडे आहे, तो आता एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर आहे आणि तिथे तो नव्या लोकांना शिकवतो.

आपली नम्र,
हॉटेलच्या ट्रेनिंग विभागात काम करणारी एक वाचक